एकच आज्ञा, अनेक यंत्रे : लिबव्हर्टची एक तपासणी

मुंबई-गोवा महामार्गावर पेणजवळ रामवाडी आहे. एसटीच्या रायगड विभागाचे कार्यालय इथेच आहे. इथल्या थांब्यावर थोडा वेळ उभे राहिले तर अलिबागकडे, रोह्याकडे, पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. गाड्या एकाच कंपनीच्या नसतात. कुणाचे इंजिन एका कारखान्यातले, कुणाचे दुसऱ्या. तरी आज ही गाडी चालवणारा चालक उद्या ती गाडी चालवतो. कारण स्टिअरिंग, क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सगळ्या गाड्यांत ठरलेल्या जागी असतात. बॉनेटखाली काय आहे ते माहीत नसले तरी चालकाचे अडत नाही.

संगणकशास्त्रात या युक्तीला 'प्रमाण इंटरफेस' म्हणतात. वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांना एकाच पद्धतीने आज्ञा देता याव्यात म्हणून ठरवलेला हा आज्ञांचा संच असतो. आज ज्याला सर्रास क्लाऊड म्हटले जाते, त्यातील यंत्रे हाताळण्यासाठी असा एक प्रमाण इंटरफेस वीस वर्षांपासून वापरात आहे. त्याचे नाव लिबव्हर्ट. 'लिबव्हर्ट शिका, म्हणजे कोणतेही आभासी यंत्र आणि कोणताही क्लाऊड हाताळता येईल' असे वाक्य प्रशिक्षणवर्गांत हमखास ऐकू येते. या वाक्यात खरे किती आणि भाबडेपणा किती, याची तपासणी या लेखात करायची आहे. शाळांची बरीचशी माहिती आता दूरच्या संगणकांवर ठेवली जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ संगणक शिक्षकांचा राहिलेला नाही.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. एका मोठ्या संगणकावर अशी एक आज्ञावली बसवतात, की जी त्या संगणकाची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचे वाटे करते आणि प्रत्येक वाट्याला 'मी स्वतंत्र संगणक आहे' असे भासवते. या आज्ञावलीला हायपरव्हायझर म्हणतात. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात ती आपल्या मोठ्या संगणकांवर राबवली होती. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी तिच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. आत चालणाऱ्या आज्ञावलीला खऱ्या यंत्रावर आल्यासारखेच वाटले पाहिजे, साधनांवरचा ताबा हायपरव्हायझरकडेच राहिला पाहिजे आणि बहुतेक काम खऱ्या प्रोसेसरवर थेट झाले पाहिजे, अशा त्या अटी. साध्या संगणकांत वापरले जाणारे इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर मूळ रचनेत या अटींना पुरे पडत नव्हते. २००५-०६ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच त्यासाठी खास सोय केली आणि आभासी यंत्रे सर्वत्र पसरली.

पेणकरांना यासाठी दुसरा दाखला शोधायला नको. गणपतीच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात आणि मग रंगकाम, डोळ्यांची आखणी प्रत्येकीची वेगळी होते. क्लाऊडमध्येही एका तयार डिस्कच्या प्रतीवरून शेकडो आभासी यंत्रे काढतात आणि नंतर प्रत्येकाला नाव, पत्ता व परवलीचा शब्द वेगळा देतात.

अडचण अशी होती की हायपरव्हायझर एक नव्हता. केंब्रिजमध्ये झेन तयार झाला होता. व्हीएमवेअर कंपनीचा वेगळा होता. २००६ मध्ये लिनक्ससाठी केव्हीएम आला आणि २००७ च्या प्रारंभी तो लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ मध्ये आला. प्रत्येकाच्या आज्ञा निराळ्या. एकासाठी लिहिलेली व्यवस्थापनाची आज्ञावली दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागे. हा खटाटोप टाळण्यासाठी रेड हॅट कंपनीतील डॅनियल व्हेयार यांनी २००५ मध्ये लिबव्हर्टचे काम सुरू केले. ते झेनपुरते सुरू झाले, पण पुढे त्यात केव्हीएम, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, व्हर्च्युअलबॉक्स असे एकेक प्रकार जोडले गेले. लिबव्हर्ट मुक्त स्रोत आहे. ते कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि उघडून पाहता येते.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. वरच्या बाजूस ठरलेल्या आज्ञा असतात : यंत्रांची यादी दे, अमुक यंत्र सुरू कर, थांबव, त्याचे वर्णन दे. खालच्या बाजूस प्रत्येक हायपरव्हायझरसाठी एक 'ड्रायव्हर' असतो. आपण जोडणी करताना जो पत्ता देतो त्यावरून कोणता ड्रायव्हर वापरायचा ते ठरते. आज्ञा आली की ड्रायव्हर ती त्या हायपरव्हायझरच्या भाषेत सांगतो आणि मिळालेले उत्तर पुन्हा प्रमाण स्वरूपात आपल्याकडे देतो.

वर्गात शिकवताना इथे एक काळजी घ्यावी. ड्रायव्हर म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर गाडीचा चालक येतो. इथे गाडी चालवणारे आपण असतो. ड्रायव्हर हा आपल्या आणि इंजिनाच्या मध्ये बसलेला दुभाषी असतो. दुभाषी कितीही प्रामाणिक असला तरी समोरच्या भाषेत जी गोष्टच नाही ती तो बोलून दाखवू शकत नाही. आणि समोरचा काय म्हणाला हे आपल्याला दुभाष्याच्या तोंडूनच कळते. या दोन मर्यादा लक्षात ठेवल्या तर पुढील विवेचन सोपे जाईल.

टीकेपूर्वी गुणांची नोंद करणे न्याय्य ठरेल. लिबव्हर्टमुळे आभासी यंत्राचे वर्णन लेखी स्वरूपात, एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आले. यंत्राचे नाव, मेमरी, प्रोसेसरची संख्या, डिस्क कुठे आहे, नेटवर्कची जोडणी कोणती, हे सारे त्यात वाचता येते. जे वाचता येते ते तपासता येते आणि जपून ठेवता येते. दुसरे म्हणजे, रॅकस्पेस कंपनी आणि नासा यांनी २०१० मध्ये सुरू केलेली ओपनस्टॅक ही क्लाऊड-प्रणाली केव्हीएमवरील यंत्रे हाताळण्यासाठी लिबव्हर्टवरच विसंबते. आपल्याकडे आयआयटी दिल्लीने विद्यार्थी व संशोधकांसाठी उभारलेला 'बादल' हा क्लाऊडही केव्हीएम आणि लिबव्हर्टवर बांधला गेला. स्वतःचा क्लाऊड उभारू पाहणाऱ्या संस्थेला परवाना विकत घ्यावा लागला नाही, हा लाभ लहान नाही.

आता पहिला आक्षेप. 'एकच आज्ञा' हे वाक्य सर्व ड्रायव्हरांच्या बाबतीत सारखे खरे नाही. लिबव्हर्टच्या अधिकृत दस्तऐवजात एक लांबलचक तक्ता आहे. उभ्या ओळीत आज्ञा, आडव्या ओळीत ड्रायव्हर, आणि कोणती आज्ञा कोणत्या ड्रायव्हरला कोणत्या आवृत्तीपासून समजते त्याची नोंद. केव्हीएमचा रकाना बराच भरलेला आहे. इतर रकान्यांत रिकाम्या जागा पुष्कळ आहेत. अशी न समजणारी आज्ञा दिली तर 'या ड्रायव्हरमध्ये ही सोय नाही' अशा अर्थाचा निरोप येतो. हा निरोप म्हणजे दुभाष्याने दिलेली प्रामाणिक कबुली आहे आणि तिच्याबद्दल लिबव्हर्टला दोष देता येणार नाही. दोष द्यायचा तर तो 'शिका एक, चालवा सर्व' असे सांगणाऱ्यांना.

एसटीतही असाच अनुभव आला. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरील बस सुरू झाली. स्टिअरिंग तेच, ब्रेक तोच, पण विजेच्या मोटारीला क्लच दाबून गिअर बदलण्याची गरज नसते. बॉनेटखालचे यंत्र पुरेसे बदलले की तो बदल चालकाच्या पायापर्यंत पोहोचतोच. प्रमाण इंटरफेस भेद झाकतो, नाहीसे करत नाही.

हे विशेषतः यंत्र हलवताना जाणवते. केव्हीएमवर चालू असलेले यंत्र न थांबवता एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येते. मात्र दोन्हीकडे केव्हीएमच हवा. व्हीएमवेअरवरील यंत्र केव्हीएमवर आणायचे तर ते बंद करून, वेगळ्या साधनाने रूपांतर करून आणावे लागते. दोन्हीकडे केव्हीएम असला तरी प्रोसेसर जुळावा लागतो. यंत्राला खालच्या प्रोसेसरचे सर्व गुण जसेच्या तसे देण्याची सोय लिबव्हर्टमध्ये आहे आणि वेगासाठी ती मोहात पाडते. पण मग ते यंत्र तसाच प्रोसेसर नसलेल्या संगणकावर चालत्या स्थितीत नेण्याची खात्री राहत नाही. वेग हवा की मोकळीक, हे वर्णनातील एका ओळीत ठरते आणि ती ओळ बहुधा कोणी विचार करून लिहिलेली नसते.

दुसरा आक्षेप शब्दांचा आहे. लिबव्हर्टसोबत 'व्हर्श' नावाची आज्ञावली येते. तिच्यात यंत्राला 'डोमेन' म्हणतात. हा झेनच्या घरातला शब्द मागे राहून गेला आहे आणि संकेतस्थळाच्या डोमेनशी त्याचा काही संबंध नाही. 'शटडाउन' ही आज्ञा यंत्राला बंद होण्याची विनंती करते. आतल्या प्रणालीने ती ऐकली नाही तर यंत्र चालूच राहते. 'डिस्ट्रॉय' या शब्दाने नवशिक्याचा हात थरथरतो. प्रत्यक्षात ती आज्ञा केवळ वीजपुरवठा ओढून काढल्यासारखे करते. डिस्कवरील माहिती राहते, जी लिहिण्याच्या मध्यावर होती तेवढी मात्र बिघडू शकते. यंत्राचे वर्णन पुसणारी आज्ञा वेगळीच आहे, 'अनडिफाइन'. तिचे नाव ऐकून कोणाला भीती वाटत नाही. सौम्य कृतीला उग्र नाव आणि उग्र कृतीला सौम्य नाव, ही शिकवण्याच्या साधनात मोठी उणीव समजली पाहिजे. आता नावे बदलणे अवघड आहे, कारण जगभरच्या आज्ञावल्या त्यांवर विसंबून आहेत. प्रमाणीकरणाची ही किंमत असते. पहिल्या दिवशीची चूकही प्रमाण होऊन बसते.

तिसरा आक्षेप मला एका विद्यार्थिनीने शिकवला. दिवाळीच्या सुटीत बारावीच्या काही मुलांना मी लिबव्हर्ट दाखवत होतो. शाळेचा संगणक जुना, मेमरी अवघी ४ जीबी. खरी आभासी यंत्रे चालवणे कठीण, म्हणून लिबव्हर्टमधील 'टेस्ट' नावाचा ड्रायव्हर वापरला. मुलांना मात्र ते सांगितले नव्हते. यादी मागितली. एक यंत्र दिसले, क्रमांक १, स्थिती 'चालू'. त्याला तात्पुरते थांबवण्याची आज्ञा दिली, स्थिती 'थांबलेले' झाली. पुन्हा सुरू केले, पुन्हा 'चालू'. मुले खूष झाली. मग यंत्राची माहिती मागवली. दोन प्रोसेसर, कमाल मेमरी ८ जीबी. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आपल्या संगणकातच ४ आहे. मग ह्याला ८ कुठून मिळाली? हे यंत्र आहे तरी कुठे?"

खरे तर कमाल मर्यादा प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त लिहिता येते. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तिचा संशय योग्य होता, कारण ते यंत्र कुठेच नव्हते. 'टेस्ट' ड्रायव्हर हा आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या सरावासाठी केलेला आहे. तो खाली कोणत्याही हायपरव्हायझरशी बोलत नाही. स्वतःच्या स्मरणात एक कल्पित यंत्र धरून प्रश्नांना बिनचूक उत्तरे देतो. बाहेर पडून पुन्हा जोडणी केली की आपण केलेले सर्व बदल विसरतो. मुलांना मी ते सांगितले आणि विचारले की खरे यंत्र आणि हे यंत्र यांतला फरक या यादीवरून ओळखता येईल का? उत्तर अर्थातच 'नाही'. दुभाष्याने जे सांगितले तेच यादीत होते.

मग मुलांनी ताडून पाहण्याचे मार्ग शोधले. केव्हीएमचे खरे यंत्र चालू असेल तर मूळ संगणकाच्या चालू कामांच्या यादीत ते एक काम म्हणून दिसते. आमच्या संगणकावर तसे काही नव्हते. यंत्राला नेटवर्कवरून हाक मारता येते, त्याने उत्तर दिले पाहिजे. त्याच्या आत शिरून एखादी फाइल लिहिता आली पाहिजे. असे तीन स्वतंत्र पुरावे मुलांनी फळ्यावर लिहिले. मापनयंत्राचा आकडा दुसऱ्या मार्गाने पडताळून घ्यावा, हा प्रयोगशाळेतला पाठ त्यांनी संगणकाच्या तासाला गिरवला. त्या दिवशी मी शिकवलेल्या सर्व आज्ञा ती मुले विसरली तरी मला वाईट वाटणार नाही.

'चालू' या शब्दाचा आणखी एक अर्थ रायगडकरांना ठाऊक आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्यातील कित्येक गावे पुढे दिवसेंदिवस विजेविना आणि दूरध्वनीविना होती. अशा वेळी पनवेलच्या किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आपले यंत्र 'चालू' असते आणि ते खरेही असते. आपल्यापुरते मात्र ते नसल्यासारखेच. हायपरव्हायझरसाठी चालू, व्यवस्थापकासाठी चालू आणि शाळेसाठी चालू या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लिबव्हर्ट फक्त पहिलीबद्दल बोलते.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लिबव्हर्टचे क्षेत्र एका संगणकावरील यंत्रांपुरते आहे. नवे यंत्र शंभर संगणकांपैकी कोणत्यावर ठेवायचे, कोणाला किती वाटा द्यायचा, बिल किती करायचे, हे त्याचे काम नाही. ते काम वरच्या थरातील प्रणाली करते. तिलाच ग्राहक क्लाऊड म्हणून ओळखतो. आणि त्या थरावर प्रत्येक कंपनीच्या आज्ञा स्वतःच्या आहेत. गूगलचा क्लाऊड केव्हीएम वापरतो. ॲमेझॉनने २०१७ पासून आणलेला नायट्रो हायपरव्हायझरही केव्हीएमवर आधारलेला आहे. म्हणजे बॉनेटखाली जवळजवळ एकाच घराण्याचे इंजिन. पण ग्राहकाला लिबव्हर्टची जोडणी दोघेही देत नाहीत. त्याला मिळते ती कंपनीची स्वतःची खिडकी. प्रमाण इंटरफेस तळघरात आहे आणि ग्राहक दुसऱ्या मजल्यावर उभा आहे.

वरच्या थरासाठीही एक सामाईक इंटरफेस करण्याचे प्रयत्न झाले. रेड हॅटने २००९ मध्ये डेल्टाक्लाऊड हा प्रकल्प सुरू केला. पुढे तो अपाची प्रतिष्ठानकडे गेला आणि २०१५ मध्ये बंद झाला. त्याच सुमारास सुरू झालेला लिबक्लाऊड टिकला. त्यात अनेक कंपन्यांसाठी ड्रायव्हर आहेत आणि लिबव्हर्टसाठीही एक आहे. पण तोही सर्वांत समान असलेल्या थोड्या आज्ञाच सारख्या ठेवू शकतो. प्रत्येक कंपनीची खासियत वापरायची म्हटली की तिची खास आज्ञा आलीच.

याची किंमत केव्हा कळते? सोडून जायची वेळ येते तेव्हा. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षकांनी मिळून प्रश्नपेढीसाठी एका कंपनीकडून आभासी यंत्र भाड्याने घेतले होते. यंत्र उत्तम चालले. ती योजना बंद होत असल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही डिस्कची प्रत मागितली. ती उतरवून देण्याची सोय नव्हती. मग रात्री जागून एकेक फाइल ओढून घेतली आणि नव्या ठिकाणी सर्व मांडणी पहिल्यापासून केली. 'सुरू कर', 'थांबव' या आज्ञा आम्हांला पाठ होत्या. 'घेऊन जातो' ही आज्ञाच नव्हती.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवून वर्गणीची पद्धत आणली. जगभरच्या अनेक संस्थांना आपली यंत्रे दुसरीकडे नेता येतील का, हा विचार तेव्हा घाईने करावा लागला. युरोपीय संघाने तर यासाठी कायदाच केला. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार ग्राहकाला क्लाऊड बदलू देणे बंधनकारक आहे आणि त्यासाठीचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही असे ठरले आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'मेघराज' या सरकारी क्लाऊडची सेवा २०१४ मध्ये सुरू केली. त्याच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. सी-डॅक संस्थेने मुक्त स्रोत घटकांवर 'मेघदूत' ही क्लाऊड-प्रणाली उभी केली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊड वापरण्याचे धोरण जाहीर केले. दिशा ठरली आहे, माहिती क्लाऊडवर जाणारच. म्हणून नागरिकांनी आणि विशेषतः शिक्षकांनी योग्य प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

तो प्रश्न आपल्याला परका नाही. विद्यार्थी एका शाळेतून दुसरीत जातो तेव्हा त्याला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. दाखल्याचा नमुना ठरलेला असतो, म्हणून पेणचा दाखला रोह्यात वाचता येतो. दाखला अडवून ठेवणाऱ्या शाळेबद्दल आपण काय बोलतो ते सांगायला नको. आभासी यंत्राचा दाखला म्हणजे त्याचे लेखी वर्णन आणि त्याच्या डिस्कची उघड स्वरूपातील प्रत. लिबव्हर्टने हे वर्णन वाचनीय केले, हे त्याचे खरे मोठेपण. पण दाखला द्यायचा की नाही हे लिबव्हर्ट ठरवत नाही, डेटा सेंटरचा मालक ठरवतो. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे : वर्णन मिळेल का? डिस्कची प्रत कोणत्या स्वरूपात मिळेल? नेण्यास खर्च किती आणि वेळ किती? आणि उत्तर 'हो' आले तरी वर्षातून एकदा खरोखर प्रत उतरवून शाळेच्या संगणकावर ती सुरू होते का ते पाहावे.

लिबव्हर्ट जरूर शिकवावे. 'टेस्ट' ड्रायव्हरला ना मोठा संगणक लागतो ना इंटरनेट, त्यामुळे कोणत्याही शाळेत पहिला तास घेता येईल. फक्त त्या तासाची सुरुवात आज्ञांनी करू नये. यादीतील 'चालू' हा शब्द फळ्यावर लिहावा आणि वर्गाला विचारावे, हे कशावरून?